काटेकोरांची अँटेना

रविवारी सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना काटेकोरांच्या बायकोने खाली जाऊन गाडीतला रेडिओ लावला, आणि गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून कोणी झोपेत दात खावेत तसा कर्रकर्र आवाज आला. एरवी रेडिओ लावला की तिथल्या भोकातून अँटेना सरसर वर यायची, कुणी सांगायची गरज नसायची. त्या दिवशी ती बोटभर वर आली, थरथरली, आणि पुढे जायला तिने साफ नकार दिला.

काटेकोर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दाढीचा साबण लावून उभे होते. खालून बायको ओरडली, "अहो, अँटेना अडकली! त्याच्याकडे असताना एकदाही अडकली नव्हती हो!"

वाक्य संपेपर्यंत इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या होत्या. अँटेना अडकली हे काटेकोरांनी शांतपणे ऐकून घेतलं असतं. अंगाची आग झाली ती 'त्याच्याकडे' या शब्दाने.

'तो' म्हणजे गाडीचा आधीचा मालक. रेडिओवरचा निवेदक. दर रविवारी सकाळी नऊ ते दहा तो श्रोत्यांची पत्रं वाचून दाखवायचा आणि मध्येमध्ये संगीत लावायचा. आवाज असा की त्याने गॅस सिलिंडरची तक्रार वाचली तरी ऐकणारीला वाटावं, हे खास आपल्यासाठी लिहिलंय. शिवाय तो काटेकोरांच्या बायकोचा कॉलेजातला वर्गमित्र. फोनवर तिला 'टिटवी' म्हणायचा. का, तर ती फार बोलायची म्हणून. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायको फार बोलते हे काटेकोरांच्याही लक्षात आलं होतं, पण तिला टिटवी म्हणण्याची हिंमत त्यांना झाली नव्हती. आणि हा गृहस्थ म्हणतो, आणि ती हसते!

काटेकोर हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजूचे काटे तपासायचे, आणि दहा ग्रॅमच्या फरकासाठी दुकानदाराला अर्धा तास उभं करायचे. दुकानदारांनी दिलेलं नाव हळूहळू इमारतीत आलं, मग नातेवाइकांत गेलं, आणि आता तर सख्खी बहीणसुद्धा पत्रिकेवर तेच लिहायची.

अशा माणसाने लाल रंगाची, दोन दारांची, पुढच्या दिव्यांचे डोळे मिटणारी आणि उघडणारी जुनी स्पोर्ट्‌स कार का घ्यावी? तर ती बायकोने घ्यायला लावली. लेक लग्न होऊन गेली, घरात माणसं दोन उरली, गाडीत सीटा दोनच; हिशेब चोख बसतो, असं ती म्हणाली. हिशेब म्हटलं की काटेकोरांचा विरोध मावळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडी कोणाची, हे तिने व्यवहार पुरा झाल्यावर सांगितलं.

त्यानंतर आठ महिने दर रविवारी ती एकटी खाली जाऊन गाडीत बसायची आणि त्याचा कार्यक्रम ऐकायची. घरात मोबाईल होता, त्यावर रेडिओ लागायचा. काटेकोरांनी तसं एकदा सुचवूनही पाहिलं.

"मोबाईलवर डब्यातून बोलल्यासारखा वाटतो," ती म्हणाली. "गाडीत कसा, शेजारी बसून बोलतोय असं वाटतं."

गाडीला सीटा दोनच, हे पुन्हा सांगायला नको.

तेव्हा खरं पाहता अँटेना अडकल्याचा काटेकोरांना मनातून आनंद व्हायला हवा होता. झालाही. दाढीचा साबण वाळेपर्यंत तो टिकला. मग बायको वर आली आणि म्हणाली, "थांबा, कार्यक्रम संपला की मी त्यालाच फोन करते. तो दोन मिनिटांत सांगेल."

"काही गरज नाही," काटेकोर गरजले. "गाडी माझी आहे. अँटेना मी बसवीन."

असा एक नवरा आपल्या बायकोला दुसऱ्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून कंबर कसून उभा राहिला. जगात याहून उफराटी प्रतिज्ञा कोणी केली असेल असं वाटत नाही.

बातमी दुपारपर्यंत इमारतभर झाली. सगळ्यात आधी आले वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या मतांना कसलीच आडकाठी नव्हती. "गंज," ते अँटेनाला हात न लावताच म्हणाले. "माणूस काय, अँटेना काय, वापरली नाही की गंजते."

"दर रविवारी वापरतात," काटेकोर म्हणाले.

"मग झीज," पोस्टमास्तर म्हणाले.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू मशीनचं तेल घेऊन आल्या. "चार थेंब सोडा भाऊ, लोण्यासारखी चालेल." काटेकोरांनी नियमाप्रमाणे मोजून चार थेंब सोडले. काकूंनी बाटली घेतली आणि पावभर तेल आत ओतलं. अँटेना लोण्यासारखी खाली गेली आणि परत बोटभरसुद्धा वर आली नाही. आतली मोटर आता कर्रकर्रही करेना, नुसती गुळण्या केल्यासारखा आवाज काढायला लागली.

नाक्यावरच्या मेकॅनिकने डिकीत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि निदान केलं. अँटेना वर ढकलणारी जी दातेरी नायलॉनची दोरी असते ती तुटली होती आणि मोटरही गेली होती. ही मोटर आता इथे मिळत नाही. बाहेरून मागवावी लागेल. "आधीच्या मालकाला विचारा की," तो म्हणाला. "तो माणूस या गाडीतला दर्दी होता. काय ठेवली होती त्याने!"

काटेकोरांनी त्याच दिवशी मोटर परदेशातून मागवली.

ती आली सोळाव्या दिवशी, पण घरी आली नाही. परदेशी टपाल कार्यालयातून चिठ्ठी आली: पार्सल अडवून ठेवलं आहे, समक्ष भेटा. पोस्टमास्तर आपणहून बरोबर निघाले. "छत्तीस वर्षं टपालात काढलीत," ते म्हणाले. "मला बघून उभे राहतील."

खिडकीमागचा कारकून उभा राहिला नाही. त्याने चष्म्यावरून कागद पाहिला आणि विचारलं, "नौका कुठे आहे?"

"कसली नौका?"

"डोलकाठी मागवलीत ना? मोटरसहित. नौकेचा नोंदणी क्रमांक लागेल."

पाठवणाऱ्याने डब्यावर जो परदेशी शब्द लिहिला होता, त्याचा कार्यालयाच्या यादीतला अर्थ डोलकाठी असा होता. काटेकोर म्हणाले, "अहो, ही गाडीची अँटेना आहे. डबा केवढासा आहे बघा. यात डोलकाठी मावेल का?"

"घडीची असेल," कारकून म्हणाला.

अँटेना खरोखरच घडीची होती, त्यामुळे काटेकोरांना प्रामाणिकपणे नाही म्हणता येईना. तेवढ्यात पोस्टमास्तरांनी शेजारच्या खिडकीवर शिक्का उलटा मारल्याचं पाहिलं आणि ते तिकडे भांडायला गेले. ते भांडण त्यांनी जिंकलं. अर्ध्या तासाने ते विजयी मुद्रेने परतले तेव्हा कारकुनाने डोलकाठीचा मुद्दा सोडला होता आणि त्याहून वाईट मुद्दा काढला होता.

"डब्यावर लांबी इंचात लिहिली आहे," तो म्हणाला. "सेंटिमीटरमध्ये हवी. वजनमापे कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणा. ते लोक फार कटकटे आहेत, तुम्हांला माहीत नाही."

काटेकोरांना माहीत होतं. हा आग्रह टपाल कार्यालयाने धरावा म्हणून तीन वर्षांपूर्वी जो अहवाल गेला होता, तो त्यांनीच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच कार्यालयात, स्वतःच्याच टेबलावर बसून स्वतःलाच अर्ज लिहिला. तो स्वतः मंजूर करणं शिस्तीत बसेना. म्हणून त्यांनी तो हाताखालच्या निरीक्षकाकडे दिला. हा निरीक्षक त्यांच्याच तालमीत तयार झालेला. त्याने अर्ज दोनदा वाचला. "साहेब, वस्तू प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कसं देऊ?"

"वस्तू टपालात आहे."

"मग मोजून आणा ना."

"हे पत्र दिल्याशिवाय ती मिळत नाही."

"तुम्हीच शिकवलंय साहेब," तो हात जोडून म्हणाला, "न मोजता सही म्हणजे पाप."

शेवटी तो आणि काटेकोर दोघं पट्टी घेऊन टपाल कार्यालयात गेले, कारकुनासमोर डबा उघडून अँटेना मोजली, आणि मोटर घरी आली. तोवर तीन रविवार गेले होते. बायकोने एकदाही तक्रार केली नाही. फक्त तिसऱ्या रविवारी चहा गाळता गाळता म्हणाली, "आज त्याने कुठलं पत्र वाचलं असेल, काय की." गाळणीतला चोथा काटेकोरांना आपल्या मनःस्थितीसारखा दिसला.

शनिवारी दुपारी त्यांनी डिकी रिकामी केली, जुनी चादर अंथरली, आणि उजव्या कुशीचं अस्तर सोडवलं. काटेकोरांना यंत्राचं काम येत नव्हतं असं नाही. ज्या माणसाने तीस वर्षं तराजू उघडून पुन्हा जुळवलेत, त्याला चार नट आणि दोन जोडण्यांची काय मातब्बरी? जुनी मोटर काकूंच्या तेलात न्हाऊन निघाली होती. ती बाहेर काढताना त्यांचा हात मागच्या वायरींच्या जुडग्यावर गेला, आणि बोटांना काहीतरी लागलं.

केसांची क्लिप होती. तपकिरी, बायकी, मधोमध जरा वाकलेली.

काटेकोर डिकीत अर्धे आणि बाहेर अर्धे असे बराच वेळ स्तब्ध राहिले. गाडीच्या अस्तराच्या आत, अंधारात, पुरुषाच्या गाडीत, बायकी क्लिप. आणि त्यांची बायको क्लिपा वापरते. घरभर पडलेल्या असतात. त्यांनी क्लिप हळूच वायरींवरून ओढून काढली आणि पुरावा म्हणून खिशात टाकली.

घरी येऊन त्यांनी बायकोच्या खणातली दुसरी क्लिप घेतली आणि कार्यालयाची व्हर्नियर पट्टी लावून दोन्ही मोजल्या. खणातली भरली एकोणपन्नास मिलिमीटर, गाडीतली पन्नास आणि तीन दशांश. पण वाकलेल्या क्लिपची लांबी धरायची कशी? दाबाने ताणली गेली असेल तर? दुसऱ्याच्या तराजूत एवढा फरक दिसला असता तर काटेकोरांनी सरळ सील ठोकलं असतं. इथे त्यांना निकाल देता येईना.

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. क्लिप जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि वर्तमानपत्राच्या आडून पाहत बसले.

बायको पाण्याचे पेले घेऊन आली. क्लिप पाहून तिचा चेहरा उजळला. "अगं बाई! ही कुठे सापडली? किती दिवस शोधतेय मी!" असं म्हणून तिने ती उचलली आणि केसांत खोचली.

त्या संध्याकाळी काटेकोर जेवले नाहीत. पोटात काहीतरी गडबड आहे, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मत्सर माणसाला झोपू देत नाही म्हणतात. काटेकोर गाढ झोपले. मात्र सकाळी उठल्याबरोबर एखाद्याने कपाटातून जुना कोट काढून चढवावा तसा तो त्यांनी अंगावर चढवला आणि खाली जाऊन नवी मोटर बसवली. अपमान झालेल्या माणसाचे हात फार स्थिर चालतात. नट बसले, जोड बसले, अस्तर बसलं. रेडिओ लावला, आणि अँटेना सूंऽऽ करत वर आली. पोस्टमास्तरांनी वरून टाळी वाजवली. नऊ वाजायला दहा मिनिटं होती. काटेकोरांनी ठरवलं, आता ही गाडी घेऊन आपण कुठेतरी जायचं. नऊ ते दहा. एकट्याने. बघू कोण ऐकतं ते.

त्यांनी रेडिओ बंद केला, अँटेना खाली गेली, आणि ते निघाले.

इमारतीच्या फाटकाजवळ काकूंची कपडे वाळत घालायची दोरी रस्त्यावरून आडवी जायची. गाडी बुटकी, तिच्या डोक्यावरून दोरी हातभर उंच राहायची, आजवर कधी अडचण झाली नव्हती. फाटकात रखवालदार आडवा आला म्हणून काटेकोरांनी ब्रेक दाबला. मागे सूंऽऽ झालं. ब्रेक सोडला, पुन्हा सूंऽऽ झालं. काटेकोरांना वाटलं, नवी मोटर आहे, जरा रुळेल.

झालं होतं ते असं. ब्रेक दाबला की अँटेना वर जात होती आणि सोडला की खाली येत होती. पहिल्याच झेपेत ती दोरीवर वाळणाऱ्या काकूंच्या एका गिऱ्हाइकाच्या गुलाबी गाउनमध्ये खालून शिरली आणि गळ्यातून वर निघाली. खाली येताना तिने गाउन बरोबर आणला. चिमटे टपाटप तुटले. काटेकोर पुढे निघाले ते हा गाउन फडकवत.

रस्त्यावर लोक वळून बघू लागले. लाल गाडीत बसल्यावर लोक बघतातच. काटेकोरांनी मान जरा ताठ केली. पहिल्या चौकात ब्रेक दाबला, गाउन उभा राहिला. ब्रेक सोडला, गाउन बसला. दुसऱ्या चौकात रहदारी दाट होती, दर चार हातांवर ब्रेक लागत होता, आणि गाउन एखाद्या भल्या बाईने दर ओळखीच्याला उठून मान द्यावा तसा उठत-बसत होता. पादचारी पट्टीवर काटेकोरांचे वरिष्ठ अधिकारी सपत्नीक रस्ता ओलांडत होते. काटेकोर अदबीने थांबले. मागे गाउन अदबीने उठला. वरिष्ठांच्या पत्नीने गाउनकडे पाहिलं, मग काटेकोरांकडे पाहिलं, आणि नवऱ्याचा हात धरून त्याला पलीकडे ओढलं.

तिसऱ्या चौकात वाहतूक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"कोणत्या पक्षाचा आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"झेंडा."

काटेकोर खाली उतरले आणि त्यांना सगळं एकदम दिसलं.

परत येताना ते शक्यतो ब्रेक न दाबता आले, हे त्या रस्त्यावरच्या अनेकांना अजून आठवत असेल. फाटकात काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शेजारी पोस्टमास्तर होते. आणि बायको होती. काटेकोर गाडीतून उतरले. एका परकीचा गाउन त्यांच्या गाडीवर, भर रविवारी, पाऊण तास बेपत्ता राहून आलेल्या नवऱ्याच्या गाडीवर! संशयाने पाहायला बायकोला याहून काय हवं होतं?

बायको हसत सुटली. फाटकाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "तुम्ही!" एवढंच तिला म्हणता येत होतं. "तुम्ही... आणि गाउन!"

तिला क्षणभरही शंका आली नाही. इतर कुठल्याही नवऱ्याने देवाचे आभार मानले असते. काटेकोरांच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी एका वाकड्या क्लिपवरून अख्खी रात्र उपाशी काढली होती, आणि हिला अख्ख्या गाउनवरूनसुद्धा काही वाटू नये? आपण संशय घ्यायच्याही लायकीचे नाही?

हसू आवरल्यावर बायको वर गेली आणि दहा वाजून कार्यक्रम संपल्यावर तिने फोन केला. या वेळी काटेकोरांनी अडवलं नाही. त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं.

निवेदक पुढच्या शनिवारी बसने आला. काटेकोरांनी मनात उंच, भरदार, रुंद खांद्यांचा माणूस उभा केला होता. आला तो बुटका, सडपातळ, हातात पाण्याची बाटली धरलेला आणि पायरीपाशी पाऊल चाचपून टाकणारा. पण तोंड उघडलं आणि आवाज तोच. "कशी आहे ती?" त्याने विचारलं. "सकाळी उठायला त्रास देते? थंडीत जरा लाडीगोडी करावी लागते. घाई केलेली तिला खपत नाही."

गाडी स्त्रीलिंगी असते, हा काही त्याचा दोष नव्हे. बोलणं गाडीचंच चाललंय हे काटेकोरांना स्वच्छ कळत होतं. तरी दर वाक्याला त्यांची मूठ वळत होती.

निवेदकाने अस्तर बाजूला केलं. आत पाहिलं नाही. चेहरा वर ठेवून नुसती बोटं आत घातली आणि वायरींवरून हळूहळू फिरवली. अचानक बोटं थांबली.

"इथली क्लिप कुठे गेली?"

बायकोने वाकून आत पाहिलं.

"इथे एक केसांची क्लिप होती," तो म्हणाला. "ब्रेकच्या दिव्याची वायर इथे घासून उघडी पडलीय, आणि शेजारची अँटेनाची. दोन्ही एकमेकींना लागू नयेत म्हणून मी क्लिप लावून वेगळ्या बांधल्या होत्या. वाण्याकडून क्लिपांचं अख्खं पाकीट आणलं होतं त्यासाठी. कोणी काढली?"

बायकोने केसांतून क्लिप काढली. "ही का?" आणि ती काटेकोरांकडे वळली. "अहो, तुम्ही ही टेबलावर ठेवली होतीत. गाडीतून काढलीत का?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत? मला वाटलं माझीच."

तराजूत माप कमी भरलेला दुकानदार जसा जमिनीकडे पाहतो तसे काटेकोर जमिनीकडे पाहत होते. हा चेहरा त्यांनी हजार वेळा समोरून पाहिला होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, क्लिपकडे पाहिलं, मग निवेदकाकडे. हळूहळू तिच्या लक्षात आलं, आणि तिचे कान लाल झाले.

"तुम्हांला वाटलं की मी... आणि हा?"

निवेदकालाही उशिरा का होईना उलगडा झाला. तो मटकन बंपरवर बसला. "अहो साहेब," तो म्हणाला, "हिच्याबरोबर मी कॉलेजात एका नाटकात काम केलं. तीन महिने तालीम. तीन महिन्यांत हिने मला माझं एक वाक्य पुरं करू दिलं नाही. रेडिओत का गेलो वाटतं तुम्हांला? तिथे कोणी मध्ये बोलत नाही."

"काहीतरीच काय!" बायको म्हणाली, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती काटेकोरांकडे बघत होती, लग्नानंतर कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं तशी. "म्हणून त्या दिवशी जेवला नाहीत?" तिने हळू आवाजात विचारलं. काटेकोरांनी मान हलवली. तिने तोंडाला पदर लावला नाही, की हसली नाही. "मी चहा टाकते," म्हणाली आणि जिना चढताना दोनदा मागे वळून पाहिलं.

निवेदकाने उघड्या वायरींना चिकटपट्टी गुंडाळली. ब्रेक दाबून पाहिला. अँटेना जागची हलली नाही. मग तो जरा घुटमळला. "एक फेरी मारू का तिच्यातून? एकच."

काटेकोरांनी मन मोठं करून किल्ली पुढे केली. निवेदकाने ती घेतली नाही. तो डाव्या बाजूला जाऊन शेजारच्या सीटवर बसला.

"डोळे," तो म्हणाला. "मधोमध एक डाग आहे, वाढत चाललाय. पत्रंही हल्ली मोठ्या अक्षरांत छापून घेतो. डॉक्टरांनी गाडी बंद केली, म्हणून तर विकली. परक्याला विकवेना. टिटवीला म्हटलं, तू घे, आणि रविवारी तिच्यात बसून माझा कार्यक्रम ऐकत जा. आवाज कसा येतो ते मला सांगत जा. कोणाला बोलू नकोस म्हटलं होतं. ती नाही बोलली. मला वाटलं नव्हतं तिला जमेल."

काटेकोरांनी गाडी सुरू केली. मग निवेदक म्हणाला, "दुसऱ्या गिअरला अजून कुरकुरते?" काटेकोर म्हणाले, "फार." तो म्हणाला, "क्लच पुरता दाबू नका, तीन चतुर्थांश दाबा." काटेकोरांनी मोजून तीन चतुर्थांश दाबला. गाडी एखाद्या ओळखीच्या हातात गेल्यासारखी पुढे सरकली. एवढं अचूक मोजमाप सांगणारा माणूस त्यांना फार वर्षांत भेटला नव्हता.

गावाबाहेर प्रदर्शनाचं रिकामं मैदान होतं. सपाट, मोकळं, कुंपणापर्यंत काही नाही. काटेकोरांनी मधोमध गाडी थांबवली, उतरले, आणि पलीकडचं दार उघडलं. "व्हा इकडे," ते म्हणाले.

"अहो, मला दिसत नाही."

"मला दिसतं. मी सांगतो."

वजनमापे कार्यालयात असा प्रकार कोणत्याच नियमात बसला नसता. "डावीकडे दहा अंश," काटेकोर सांगत होते. "सरळ. सरळ. आता उजवीकडे, वीस, वीस, बास." निवेदक ताशी दहाच्या वेगाने मैदानाला गोल गोल फेऱ्या घालत होता आणि लहान मुलासारखा ओरडत होता. पाचव्या फेरीला काटेकोरही ओरडायला लागले. त्याला रेडिओवर काय वाचावं आणि काय वाचू नये याबद्दल काटेकोरांनी आठ महिने दाबून ठेवलेली सगळी मतं त्याच फेऱ्यांत बाहेर पडली, आणि त्यातली दोन निवेदकाने मान्य केली.

ते परतले तेव्हा दोन तास उलटून गेले होते. बायको फाटकात उभी होती.

"कुठे होतात?"

"फेरी मारली," काटेकोर म्हणाले.

"दोन तास? मी तिघांसाठी चहा केला, तो दोनदा गरम केला. मला एकदा तरी फोन करावासा वाटला? तुम्हांला नाही, त्याला नाही. काय बोलत होतात दोन तास?"

"काही विशेष नाही," दोघं एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे पाहून हसले. हे हसणं बायकोला मुळीच आवडलं नाही. ती पुढे झाली आणि निवेदकाला म्हणाली, "मला एकदाही नेलं नाहीस कधी, इतकी वर्षं. आणि यांना एका दिवसात?" निवेदक बसची वेळ झाल्याचं सांगून निसटला. ती जिन्यावरून पुढे गेली आणि त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिली नाही. काटेकोर मागून एकेक पायरी चढत होते. कोणी गळ्यात हार घातल्यासारखी त्यांची छाती फुगली होती.

पुढच्या रविवारी बायको खाली गाडीत बसून कार्यक्रम ऐकून आली. दहा वाजून चार मिनिटांनी घरातला फोन वाजला. तिने धावत जाऊन उचलला, क्षणभर ऐकलं, आणि तिचा चेहरा पडला.

"तुमच्यासाठी आहे," ती म्हणाली आणि फोन दोन बोटांत धरून पुढे केला.

काटेकोर खुर्चीतून सावकाश उठले. बायको स्वयंपाकघरात गेली खरी, पण दाराआडच थांबली. तिची सावली फरशीवर दिसत होती. काटेकोरांनी ती पाहिली. त्यांनी फोन कानाला लावला, भिंतीकडे तोंड केलं, आणि गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल अगदी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.